छोटा पाइप घेताना: आधी भोक बघा, मग लाकूड

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. भाग अठरा वर्षांवरच्या श्रोत्यांसाठी आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून ठरला. डोंबिवलीच्या एका श्रोत्याने विचारलंय: "दादा, दिवसाला सहा-सात सिगारेटी होतात. मोबाइलवर सारखा छोट्या लाकडी पाइपचा फोटो येतो. खिशात मावेल आणि नीट ओढला जाईल असा पाइप निवडायचा कसा? आणि सिगारेटपेक्षा तो बरा ना?"

म्हणजे प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर सरळ वस्तू पारखण्याचं आहे, ते आधी देतो. दुसऱ्याचं उत्तर मित्रा तुला तितकंसं आवडणार नाही, पण तेही अर्धवट सोडणार नाही.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात पाइप म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं? बाळासाहेब ठाकऱ्यांचे जुने फोटो, नाहीतर शेरलॉक होम्स. प्रत्यक्ष पाइप भरताना, पेटवताना, साफ करताना आपल्यापैकी फार कमी जणांनी कुणाला पाहिलंय. आपल्याकडची तंबाखू म्हणजे मुख्यतः चुना लावून मळलेली, नाहीतर मिश्री. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू घेणारी प्रौढ माणसं 26.6 टक्के निघाली, पण धूर ओढणारी फक्त 3.8 टक्के. त्या 3.8 मध्ये पाइपवाले किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. त्यामुळे पाइप बघायला घेतला की आपली नजर आधी आकारावर जाते, मग पॉलिशवर, मग किमतीवर. नीट ओढला जाण्याशी या तिन्हींचा संबंध थोडाच.

मग संबंध कशाचा? ते कळायला आपली साधी मातीची चिलीम आठवा. वर रुंद, खाली निमुळती. खालच्या तोंडाशी आत एक खडा टाकतात, म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही पण हवा येत राहते. खाली ओलं फडकं धरतात, त्यातून धूर थोडा थंड होऊन येतो. भाजलेली माती ओलावा शोषून घेते. बस, एवढंच यंत्र. वरून आग, खालून हवेची ओढ, मधे तंबाखू, आणि ओलाव्याची सोय. पाइप कितीही महागडा असला तरी काम हेच करतो. फक्त तो आडवा असतो, आणि खड्याच्या जागी त्याच्यात एक बारीक भोक असतं.

पाइपचे तीन भाग धरू. तंबाखू भरायची ती वाटी. वाटीतून निघालेली लाकडाची मान, तिला दांडी म्हणू. आणि तोंडात धरायची, बहुतेक वेळा काळी असते ती नळी. वाटीच्या तळापासून नळीच्या टोकापर्यंत एक बोगदा जातो. पाइप चांगला की वाईट हे बरंचसं या बोगद्यावर ठरतं.

कारण समजून घ्या. तंबाखूच्या पानात ओलावा असतोच, शिवाय जळताना आणखी पाणी तयार होतं. हे पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघतं आणि थंड दांडीत आलं की पुन्हा पाणी होतं. बोगदा सरळ आणि एकसारखा असेल तर त्यातलं बरंचसं पुढे निघून जातं किंवा पसरून वाळतं. बोगद्यात कुठे खड्डा असेल, पायरी असेल, तर तिथे ते साचतं. मग झुरका घेतला की गुरगुर असा आवाज येतो आणि जिभेवर कडू, गरम पाणी. पहिल्यांदा पाइप घेणारे वैतागून तो कपाटात टाकतात, त्याचं सर्वात मोठं कारण हेच.

आता पारख. पहिली गोष्ट, वाटीत वरून सरळ बघा. बोगद्याचं भोक वाटीच्या अगदी तळाला आणि मधोमध उघडलं पाहिजे. ते तळापासून वर असेल तर खालची तंबाखू कधीच नीट जळणार नाही, तिथे ओला गाळ साचत राहील. भोक एका बाजूला सरकलेलं असेल तर आगही एका बाजूनेच खाली उतरेल. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडे वाटीचा वरून काढलेला फोटो मागा. बाजूने काढलेले पाच सुंदर फोटो आहेत आणि वरून एकही नाही, तर तो पाइप सोडून द्या.

दुसरी गोष्ट, तारेची परीक्षा. पाइप क्लीनर नावाची लवचिक तार मिळते, तिच्यावर कापसासारखे धागे असतात. सरळ पाइपात ती नळीच्या टोकातून घातली की कुठेही न अडकता वाटीच्या तळाशी निघाली पाहिजे. अडकली तर आत पायरी आहे. वाकड्या पाइपात थोडी अडते, ते चालतं, पण जोर लावायला लागू नये.

तिसरी गोष्ट, नळी आणि दांडी यांचा सांधा. नळीचं टोक दांडीतल्या खाचेत पूर्ण आत बसलं पाहिजे. बाहेरून सांधा चपखल दिसतो, पण आत नळीचं टोक आखूड असतं आणि पुढे रिकामी पोकळी राहते. ती पोकळी म्हणजे पाणी साचायची टाकी. नळी हळूच फिरवत काढा, खाचेची खोली आणि टोकाची लांबी काडीने मोजा. दोन्हींत एखाद्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. आणि हे पाइप थंड असतानाच करायचं. गरम असताना नळी ओढली तर टोक तुटू शकतं.

चौथी गोष्ट, ओढ. बोगदा साधारण साडेतीन ते चार मिलिमीटरचा असतो. रिकाम्या पाइपातून हवा ओढली तर ती सहज यायला हवी, शिट्टी वाजता कामा नये. गाल आत जायला लागले तर बोगदा अरुंद आहे. अरुंद पाइपात माणूस जोर लावून ओढतो, जोराने आग भडकते, आणि धूर जिभेला पोळतो.

आता "छोटा" या शब्दाकडे येऊ. नेहमीच्या पाइपची वाटी आतून साधारण 19-20 मिलिमीटर रुंद असते. छोट्याची 16 ते 18, आणि खोली 25 ते 30. ढोबळ माप हवं तर करंगळी आत जायला हवी. याहून लहान वाटी म्हणजे खेळणं. चार झुरक्यांत संपते आणि पेटवायलाच जास्त काड्या लागतात.

लहान पाइप बनवताना बनवणारा दोन ठिकाणी काटकसर करतो. एक वाटीच्या भिंतीत आणि दुसरी लांबीत. भिंत पातळ झाली की वाटी हातात धरवत नाही आणि लाकूड जळायचा धोका वाढतो. भिंत निदान सहा मिलिमीटर, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीला जवळ जाईल एवढी हवी. आणि तळ भिंतीपेक्षा पातळ नको, कारण शेवटची आग तिथेच असते. लांबीचं म्हणाल तर फारच आखूड पाइपला इंग्रजीत "नोज वॉर्मर" म्हणतात, म्हणजे नाक शेकणारा! वाटी नाकाशी येते आणि धुराला थंड व्हायला अंतरच मिळत नाही. खिशात मावावा म्हणून पाइप आखूड घेतला तर ही किंमत मोजावी लागते. एकूण लांबी बारा-तेरा सेंटिमीटर असेल तर खिसा आणि जीभ दोघांचं जमतं.

एक मजेची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकातले सुरुवातीचे मातीचे पाइप सापडतात, त्यांच्या वाट्या अगदी चिमुकल्या असतात. कारण तेव्हा तंबाखू महाग होती. पुढे ती स्वस्त झाली तशा वाट्या मोठ्या होत गेल्या. जुन्या वस्तूंचे अभ्यासक वाटीच्या आकारावरून तो पाइप कुठल्या काळातला हे ओळखतात. म्हणजे लहान पाइप ही मुळात फॅशन नव्हती, पैशाची सोय होती.

आता लाकूड. चांगल्या पाइपांचं लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राच्या आसपास एक झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी गाठ येते. ती गाठ कापून, तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवून तिचे पाइप करतात. फ्रान्समधलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकात या कामासाठी नावाजलं. ही गाठ घट्ट असते, उष्णता सोसते आणि ओलावाही शोषते. मोबाइलवर नुसतंच "वुडन पाइप" लिहिलं असेल तर तो ब्रायर नाही असंच समजा. ब्रायर असता तर विकणाऱ्याने तो शब्द सर्वात आधी लिहिला असता. आपल्याकडे शिसवी पाइपही मिळतात. कामचलाऊ असतात, पण भिंत आणि भोक यांची पारख त्यांच्या बाबतीत जास्त कडक करा.

सर्वात साधा पाइप मक्याच्या बुरकुंडाचा. हो, दाणे काढल्यावर उरतं तेच. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावी 1869 पासून असे पाइप बनतात. हलका, कोरडा, सुरुवातीपासूनच नीट ओढला जाणारा. तिकडे तो गरिबाचा पाइप. आपल्याकडे आयात होऊन येतो म्हणून भाव चढतो, तरीही बिननावाच्या चकचकीत लाकडापेक्षा हा बरा.

चकचकीतवरून आठवलं. वाटीच्या आत वार्निश असेल, नाकाला रंगाचा वास येत असेल, तर घेऊ नका. तो रंग जळून तुमच्याच तोंडात जाणार. आतून काळा कोरडा लेप असतो, तो कोळशाचा असतो, तो चालतो. पितळेचे, ॲल्युमिनियमचे छोटे पाइप दिसायला छान, पण धातू लगेच तापतो. आणि फिल्टरच्या पाइपला फिल्टर लावूनच ओढावं लागतं. फिल्टर काढला की आत मोठी पोकळी उरते आणि पुन्हा तीच गुरगुर. फिल्टर पाणी शोषतो म्हणून असतो. त्याने धूर निर्धोक होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता आपल्या हवेचा मुद्दा, जो परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. आपण खाडीकाठचे. जून ते सप्टेंबर चपलांना बुरशी येते, कपाटातल्या पट्ट्याला येते, पाइपला का येणार नाही? ओढून झाल्यावर तार फिरवून पाणी टिपायचं, राख झाडायची आणि पाइप उघड्यावर वाळू द्यायचा. निदान एक दिवस त्याला हात लावायचा नाही. ओला पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की दोन दिवसांत वास मारतो. तंबाखूही सर्दावते. चिमूट बोटांत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, हळूहळू सुटा झाला तर बरोबर. ओली तंबाखू सारखी विझते, मग आपण जोराने ओढतो आणि जीभ भाजते. लहान वाटीत हे दुप्पट जाणवतं. नव्या लाकडी पाइपात पहिले काही दिवस वाटी अर्धीच भरायची, म्हणजे आत कोळशाचा पातळ थर हळूहळू धरतो. तो साधारण मिलिमीटरभर राहू द्यायचा, वाढला तर खरवडायचा. फार जाड झाला तर तापून वाटीला तडा जाऊ शकतो.

झाली पहिल्या प्रश्नाची गोष्ट. आता दुसरा. सिगारेटपेक्षा बरा का?

हा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे. 1604 च्या सुमारास असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरहून परतला. आदिलशाहीच्या विजापुरात त्याला तंबाखू मिळाली. ती त्याने नक्षीदार, रत्नजडित हुक्क्यासकट बादशहाला भेट दिली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, आणि तिथल्या तिथे हकीम आडवा आला. या वस्तूची आपल्याकडे परीक्षा झालेली नाही, बादशहाने ती घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असद बेगने स्वतःच हे लिहून ठेवलंय. म्हणजे आपल्या भागात पाइप आला तेव्हा देखणेपणा आणि डॉक्टरची हरकत दोन्ही एकाच दरबारात हजर होते. पुढे सरदारांनी देखणेपणा उचलला, हरकत मागे राहिली.

हकिमाने म्हटलेली परीक्षा पुढे झाली, आणि आपल्या शेजारीच झाली. मुंबईत 1955 मध्ये डॉ. संघवी, डॉ. राव आणि डॉ. खानोलकर यांनी तंबाखू ओढणं व चघळणं आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कॅन्सर यांचा संबंध अभ्यासला. तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. संबंध स्पष्ट होता. 1964 साली अमेरिकन सरकारच्या अहवालाने पाइपचं नाव घेऊन सांगितलं की पाइप ओढण्याने ओठांचा कॅन्सर होतो.

आता नेहमीचा युक्तिवाद येतो, "पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच ठेवतात." मुळात पाइपच ओढणारा माणूस बहुधा छातीत घेत नाही, हे खरं. पण का घेत नाही? कारण पाइपच्या तंबाखूचा धूर असा असतो की त्यातलं निकोटिन तोंडाच्या कातडीतूनच शरीरात जातं. म्हणजे धोका तोंडात, ओठावर, घशात मुक्काम करतो. आणि मित्रा, तुझ्यासारखा सिगारेटवरून पाइपवर आलेला माणूस छातीत घ्यायची सवय बरोबर घेऊन येतो. त्याला तोंडाचा धोका मिळतो आणि छातीचाही सुटत नाही. वर हिशेबही बघ. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. छोट्या पाइपात एका वेळी सहज तेवढी, कधी जास्तच मावते. "छोटा" हा शब्द लाकडाबद्दल आहे, तंबाखूबद्दल नाही.

अशी फसवणूक आपल्या पिढीने दोनदा पाहिली आहे. आधी हुक्का आला. पाण्यातून येतो म्हणून सौम्य, असं म्हणायचे. कमला मिलच्या आगीनंतर 2018 मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी आणली. मग व्हेप आलं. ते 2019 च्या कायद्याने देशभर बंद झालं. पाइपवर अशी बंदी नाही. पण बंदी नाही याचा अर्थ निर्धोक आहे असा होत नाही.

आणि ओढणार कुठे, हेही बघ. छोटी वाटीसुद्धा पंधरा-वीस मिनिटं चालते. लोकलमध्ये रेल्वेच्या कायद्याने मनाई. फलाट, ऑफिस, हॉटेल, रिक्षा स्टँड सगळीकडे सार्वजनिक जागेचा नियम, 2 ऑक्टोबर 2008 पासून, दंड दोनशे रुपयांपर्यंत. उरलं घर. डोंबिवलीचा वन बीएचके, आत आई, कदाचित भावाचं लहान मूल. तिथे पाइपचा धूर गॅलरीतून बाहेर जात नाही, तो पडद्यात आणि त्यांच्या छातीत जातो. खिशात मावणारा पाइप खिशातून काढायला आपल्या शहरात जागाच नाही, हे खरेदीच्या आधी ध्यानात घे.

तर माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही ओढत नसाल तर पाइप हे सुरू करण्याचं कारण नाही. शोभेची वस्तू म्हणून आवडत असेल तर घ्या, टेबलावर ठेवा, भरू नका. तुम्ही सिगारेट ओढता आणि कमी करायची आहे, तर पाइप हा त्याचा रस्ता नाही. त्याचा रस्ता 1800-11-2356 हा नंबर आहे. तंबाखू सोडण्यासाठीची ही सरकारी मोफत सेवा. औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंग गम मिळतं, तेही चघळायची एक पद्धत असते, ती दुकानदाराला किंवा डॉक्टरला विचारून घ्या. आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, यातलं काही असेल तर पाइप बघणं राहू द्या, आधी दाताच्या डॉक्टरकडे जा.

आणि हे सगळं ऐकूनही, सज्ञान माणूस म्हणून, कुणी घेणारच असेल तर निदान फसून घेऊ नका. भोक तळाला, तार सरळ, सांधा भरलेला, ओढ मोकळी, भिंत पेन्सिलीएवढी, आत रंग नाही. सहापैकी एक जरी चुकलं तर पैसे परत मागा, आणि ते पेटवायच्या आधी मागा, कारण पेटवलेला पाइप कुणी परत घेत नाही.

प्रश्न पाठवणाऱ्या मित्रा, दिवसाला सहा-सात म्हणालास ना? आज रात्री झोपताना मोजून बघ, खरंच किती झाल्या. त्या आकड्यासकट पुढचा मेसेज पाठव. त्यावर आपण पुढच्या एखाद्या भागात बोलू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.